परदेशी इंजिन, देशी चासी

ट्रकचं इंजिन एका दिवसात बसत नाही. आधी ते ऑइल खायला लागतं, मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, मग भरलेली गाडी चढाला लोड घेईनाशी होते. उदगीर, देगलूर, नांदेड, उमरगा या पट्ट्यातला मालक अशा वेळी बहुधा हैदराबादला माल उतरवतो आणि रिकामी गाडी गॅरेजकडे वळवतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सुट्या भागांसाठी सिकंदराबादचं राणीगंज आणि मोठ्या कामासाठी वनस्थलीपुरमजवळचं ऑटोनगर ही वाट अनेकांनी सोडलेली नाही. तिथे बॉनेट उघडलं की एक सल्ला ऐकू येतो: हे इंजिन बांधण्यात पैसा घालू नका, बाहेरून आलेलं जपानी इंजिन मिळतंय, कमी चाललेलं आहे, बसवून टाका.

सल्ला देणारा उस्ताद खोटं बोलत नसतो. चांगला लेथवाला, चांगला वेल्डर आणि आठ-दहा दिवस हाताशी असतील तर जवळजवळ कुठलंही डिझेल इंजिन कुठल्याही चासीत बसवता येतं. पण मालक आधी विचारतो ‘बसेल का?’ आणि इंजिनाचे पैसे देऊन झाल्यावर विचारतो ‘चालेल का?’ हा क्रम उलटा हवा. म्हणून आधी कागद पाहू आणि नंतर पान्याला हात घालू.

आरसी म्हणजे ट्रकचा सातबारा. तिच्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, इंजिनाची क्षमता, गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन अशी नोंद असते. परवाना, विमा, फिटनेस, कर्ज, सगळं याच नोंदीवर उभं राहतं. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ या नोंदीत फरक पाडणाऱ्या बदलांविषयी आहे. मूळ कलमात मालकाने आधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घेतली की बदल करता येत असे. २००० साली ते बदललं. तेव्हापासून नियम असा आहे की निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करायचाच नाही. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण केरळचं होतं आणि वाद गाडीच्या रचनेतल्या बदलांचा होता. पण निर्मात्याच्या मूळ तपशिलाला धक्का लावता येणार नाही आणि राज्याचे नियम या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत, हे सूत्र देशभर लागू झालं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाच्या आकड्यापेक्षा ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द जास्त लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण इंजिन बदलताना एकच गोष्ट कधी बदलत नाही.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं. कलम ५२ च्या दुसऱ्या पोटकलमात ज्याच्या मालकीची किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत त्याच्यासाठी एक सवलत आहे. राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तर अशा मालकाला त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आधी मंजुरी न घेता बसवता येतं. नंतर चौदा दिवसांत कळवावं लागतं. मोठ्या ताफ्यांचं काम याशिवाय चालणारच नाही. आपल्या एसटीची दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथली मध्यवर्ती वर्कशॉप घ्या, किंवा हैदराबादेत राज्य परिवहनाचं उप्पलचं वर्कशॉप घ्या. थकलेलं इंजिन उतरवायचं, बांधून तयार असलेलं दुसरं चढवायचं, गाडी पुन्हा मार्गावर. उतरवलेलं इंजिन बांधून झालं की ते तिसऱ्याच गाडीत जातं. एक-दोन ट्रकच्या मालकाला ही मोकळीक नाही. त्याने आधी अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची आणि मगच इंजिन उतरवायचं. गाडी कर्जावर असेल तर वित्त कंपनीची लेखी संमतीही आधीच हवी.

सगळी अडचण ‘त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं’ या शब्दांत आहे. टाटाचा १६१३ घ्या. हे मॉडेल टाटाच्या स्वतःच्या ६९७ इंजिनासहही विकलं गेलं आणि कमिन्सच्या ६बीटी इंजिनासहही. बाहेरून दोन्ही ट्रक सारखेच. पण ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १२८, एकूण ५,६७५ सीसी. कमिन्सचा बोअर १०२, स्ट्रोक १२० आणि एकूण ५,८८३ सीसी. कंपनीने स्वतः दोन्ही इंजिनं त्याच चासीत बसवून विकली असली, तरी आरसीवर ६९७ असेल तर कमिन्स हे दुसऱ्या मेकचं आणि दुसऱ्या प्रकारचं इंजिन ठरतं. जिथे जमशेदपूरला बनलेल्या इंजिनाची ही गत, तिथे हिनो किंवा इसुझूचं वापरलेलं इंजिन कोणत्या रकान्यात बसवणार?

कायद्याने एक दार मात्र मुद्दाम उघडं ठेवलंय. ते इंधन बदलण्याचं. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेता येते. ११ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने बीएस-६ गाड्यांमधलं डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवायला परवानगी दिली, पण ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या गाड्यांनाच. विजेवर नेण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. हैदराबादच्याच ईट्रिओ कंपनीने जुन्या मोटारींचं इंजिन काढून मोटर-बॅटरी बसवण्याच्या किटला पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडून मान्यता मिळवली होती. म्हणजे एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, इंजिन समूळ काढून विजेची मोटर बसवण्याचा रस्ता आहे, पण डिझेलच्या जागी दुसऱ्या मेकचं डिझेल बसवण्याचा नाही. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. त्यामागचं कारण आहे टाइप अॅप्रूव्हल.

गाडीचं मॉडेल बाजारात येण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेत त्याचा नमुना तपासला जातो. जड वाहनाचं इंजिन डायनामोमीटरवर बांधून, ठरलेल्या चक्रात फिरवून, दर किलोवॅट-तासाला किती ग्रॅम प्रदूषण होतं ते मोजतात. बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा स्थिर चाचणीत ३.५ ग्रॅम होती. बीएस-६ मध्ये ती ०.४० वर आली. ही मर्यादा एकटं इंजिन पाळत नाही. पंप, इंजेक्टर, टर्बो, ईजीआर, सायलेन्सरमधलं उत्प्रेरक, युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणावर चालणारी एससीआर यंत्रणा आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा ईसीयू मिळून ती पाळतात. मान्यता त्या अख्ख्या जुळणीला असते. सीएनजी किंवा विजेच्या किटचा निर्माता स्वतः ही चाचणी करून घेतो आणि खर्च शेकडो गाड्यांवर वाटतो. एका ट्रकच्या मालकाने एका इंजिनासाठी ती चाचणी करून घ्यायची म्हटली तर खर्च ट्रकच्या किमतीला खाऊन टाकेल.

‘पण पीयूसी तर निघते ना?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. निघेल. डिझेलची पीयूसी म्हणजे गाडी जागेवर उभी करून एकदम रेस देताना धूर किती गडद आहे याचं मोजमाप. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एकक आणि बीएस-४ ला ५० एवढी त्याची मर्यादा. पंप नीट लावलेलं कुठलंही निरोगी इंजिन त्यात पास होतं. नायट्रोजन ऑक्साइड दिसत नाही आणि त्या तपासणीत मोजलाही जात नाही. पीयूसी हा धुराचा दाखला आहे; हे इंजिन या गाडीत असायला हवं की नको, याचा नाही.

आता ते बाहेरचं वापरलेलं इंजिन इथवर पोचतं कसं ते पाहू. डिझेल इंजिन सीमाशुल्काच्या वर्गवारीत ८४०८ या शीर्षकाखाली येतं. नव्या इंजिनाची आयात हा सरळ व्यवहार आहे. वापरलेलं इंजिन म्हणजे जुना माल, आणि भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर जुन्या मालाची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहे. त्यासाठी डीजीएफटीची परवानगी लागते. जपानमध्ये काही वर्षं चाललेल्या गाड्या मोडून त्यांचा पुढचा अर्धा भाग इंजिन-गिअरबॉक्ससह विकतात. त्यालाच बाजारात हाफ-कट म्हणतात. श्रीलंका किंवा पाकिस्तानात असा माल फार वर्षांपासून येतो. आपल्याकडे विक्रेत्याने इंजिन दाखवलं की त्याच्याकडे तीन गोष्टी मागा: बिल ऑफ एंट्री, आयातीची परवानगी आणि त्या इंजिनाचा नंबर स्पष्ट लिहिलेलं जीएसटी बिल. ‘कागद नंतर देतो’ हे उत्तर आलं तर व्यवहार तिथेच थांबवावा. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं नाही, हे पुढे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत इंजिन किंवा चासी नंबर टाकून चोरीची नोंद तपासता येते. इंजिन देशातल्याच मोडीतल्या गाडीचं असेल तर ही पाच मिनिटं नक्की घालवा.

याचा अर्थ परदेशी डिझेल इंजिन आणि देशी चासी यांचं वाकडं आहे असा नाही. उलट आपल्या ट्रकांचा इतिहासच त्या जोडीचा आहे. इंग्लंडमध्ये पीटरबरोला १९३२ साली सुरू झालेल्या पर्किन्स कंपनीने नाव कमावलं तेच पेट्रोल ट्रकमध्ये बसवण्याजोगी चपळ डिझेल इंजिनं बनवून. पुढे मद्रासच्या सिम्पसनने पर्किन्सची इंजिनं भारतात बनवली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या डॉज-फार्गो ट्रकांतही पर्किन्सच होतं. टाटाने १९५४ मध्ये जमशेदपूरला सुरुवात केली ती मर्सिडीज-बेंझच्या इंजिनावर. वर सांगितलेलं ६९७ हे त्याच घराण्यातलं. १९८० च्या दशकात दुसरी लाट आली, ती जपानी इंजिनांची: डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी आणि चौथी ऑल्विन-निसान. ही चौथी हैदराबादची. निजामाच्या काळात, १९४२ साली उभ्या राहिलेल्या हैदराबाद ऑल्विनने निसानशी हात मिळवून मुंबई-हैदराबाद महामार्गावर झहीराबादला कारखाना काढला आणि तिथून निसान इंजिनाचा कॅबस्टार हा हलका ट्रक बाहेर पडू लागला. पुढे तो कारखाना महिंद्राकडे गेला. सोलापूरकडून हैदराबादला जाणारा प्रत्येक ट्रक आजही झहीराबादवरून जातो.

झहीराबादला निसानचं इंजिन आलं ते निर्मात्याच्या दारातून. माउंटिंग कुठे येणार, रेडिएटर केवढा लागणार, मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर किती, ब्रेकला निर्वात कुठून मिळणार, हे सगळं आधी कागदावर ठरलं, तपासलं गेलं आणि मग पहिली गाडी रस्त्यावर आली. ऑटोनगरच्या शेडमध्ये तेच काम एक माणूस नजरेच्या अंदाजाने करतो. त्याचा हात कितीही बसलेला असला तरी काही हिशेब अंदाजाने सुटत नाहीत. ते कुठले, ते सविस्तर पाहू.

पहिला सांधा बेल हाऊसिंगचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं हे घंटेच्या आकाराचं ओतीव घर. जड इंजिनांच्या फ्लायव्हील हाऊसिंगसाठी एसएईची ठरावीक मापं आहेत. नंबर ३ च्या हाऊसिंगला ४०९.६ मिलिमीटरची बैठक आणि ४२८.६ च्या वर्तुळावर १२ बोल्ट; नंबर २ ला ४४७.७ ची बैठक आणि ४६६.७ चं वर्तुळ. नंबर १ आणखी मोठं. दोन्ही बाजू एकाच मापाच्या निघाल्या तर निम्मं काम झालं. नाहीतर मधे अॅडॉप्टर प्लेट लागते. जाड पोलादी चकती, एका तोंडाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या तोंडाला गिअरबॉक्सची. ती कापणं अवघड नाही, केंद्रात आणणं अवघड आहे. चांगला कारागीर हाऊसिंग बसवल्यावर फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड लावतो, डायल गेजची सुई हाऊसिंगच्या आतल्या कडेला टेकवतो आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण एक फेरा फिरवतो. सुई किती हलते ते बघायचं. मिलिमीटरच्या दोन-दशांश भागाच्या आसपासच ती हलायला हवी. जास्त हलली तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकत राहतो. गाडी गॅरेजमधून झकास निघते आणि काही हजार किलोमीटरनंतर पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, क्लचप्लेटचा मधला बुश सैल होतो, गिअर आपोआप उडतो. मग दोष गिअरबॉक्सला दिला जातो. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज नाही, तिथे हे काम देऊ नये, एवढं ठामपणे सांगतो.

प्लेटमुळे गिअरबॉक्स तितका मागे सरकतो. म्हणजे जॉइंट शाफ्ट कापून छोटा करायचा आणि पुन्हा बॅलन्स करायचा. क्लचची दांडी, गिअर लिव्हर, क्रॉस मेंबर, माउंटिंगची रबरं, सगळ्यांची जागा बदलते. चासीच्या लांब बीमला माउंटिंगसाठी वेल्डिंग करायला कुणी सांगितलं तर नकार द्या. बीमचं पोलाद उष्णतेने तिथे कमजोर होतं आणि भरल्या गाडीत वेल्डच्या कडेलाच चीर जाते. भोक पाडून बोल्टनेच धरायचं, तेही बीमच्या उभ्या बाजूत. वरच्या-खालच्या पट्टीला हात लावायचा नाही.

दुसरा हिशेब फेऱ्यांचा, आणि मालकाला आयुष्यभर डिझेलच्या बिलातून कळणारा हाच. समजा १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ३१२ फेरे. मागच्या क्राऊन-पिनिअनचं गुणोत्तर ६.८३ आणि टॉप गिअर सरळ असेल, तर इंजिन मिनिटाला २,१३० च्या आसपास फिरतंय. जुनं देशी इंजिन तिथे आरामात चालतं. आता त्या जागी मोठ्या जपानी ट्रकचं संथ इंजिन आलं, ज्याची खरी ताकद आणि काटकसर १,३०० ते १,६०० मध्ये आहे. ते ताशी ६० ला आपल्या मर्यादेजवळ पोचलेलं असेल. आवाज करेल, तापेल आणि ‘जपानी असूनही अॅव्हरेज देत नाही’ अशी तक्रार होईल. क्राऊन-पिनिअन बदलून ४.८८ चं केलं की त्याच वेगाला फेरे १,५२५ वर येतात. पण मग चढाला पहिल्या गिअरमध्ये ओढ कमी पडते. उलट, छोट्या गाडीचं चपळ इंजिन बसवलं तर ते फेऱ्यांना पुरतं, पण खालच्या फेऱ्यांत टॉर्क नसल्यामुळे चालकाला सतत गिअर पाडावा लागतो. कॅटलॉगमधला हॉर्सपॉवरचा आकडा पाहून इंजिन घेणाऱ्याची इथे फसगत होते. मागायचा तो टॉर्कचा आलेख.

टॉर्क जास्त मिळाला तरी तो झेलणार कोण, हाही प्रश्न आहे. ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर ७ चा आणि अॅक्सल ६.८३ चा धरला, तर अॅक्सलवर घर्षण सोडून १९,००० हून जास्त न्यूटन-मीटर येतात. इंजिन ६०० चं केलं की तेच साडेअठ्ठावीस हजारांवर जातं. मागे क्राऊन तोच, हाफ शाफ्ट तोच. भरल्या गाडीने खड्ड्यातून निघताना तो तुटला तर इंजिन विकणारा जबाबदारी घेणार नाही.

बाकीच्या गोष्टी लहान वाटतात, पण गाडी थांबवतात त्याच. एअर ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसर इंजिनावर गिअरने चालतो. आणलेलं इंजिन हायड्रॉलिक ब्रेकच्या गाडीचं असेल तर त्यावर तो नसतोच, आणि पट्ट्यावर लावलेला छोटा कॉम्प्रेसर सोळा टनांच्या गाडीला पुरत नाही. पट्टा तुटला की टाकीतली हवा संपेपर्यंतच ब्रेक. यात तडजोड होऊ शकत नाही. आपले जड ट्रक २४ व्होल्टचे. इंजिन १२ व्होल्टच्या गाडीचं असेल तर स्टार्टर आणि अल्टरनेटर दोन्ही बदलायचे. पॉवर स्टिअरिंगचा पंप, एक्झॉस्ट ब्रेकची जागा, पंख्याचं रेडिएटरपासूनचं अंतर, ऑइल संप पुढच्या अॅक्सलला लागतो का, हे इंजिन चासीत लटकवल्यावर कळतं. रेडिएटरचं गणित सोपं आहे: डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा पाण्यातून बाहेर काढावा लागतो, त्यामुळे ताकद दीडपट केली की जुना रेडिएटर हैदराबादच्या मे महिन्यात हरतो.

हे सगळं झालं मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल. कॉमन रेलचं इंजिन असेल तर त्याचा ईसीयू, वायरिंग, अॅक्सिलरेटरचं पेडल आणि इमोबिलायझर सोबत आलेच पाहिजेत. हाफ-कटमध्ये वायर कापलेल्या असतील तर ते इंजिन लोखंडाच्या भावाचं. बीएस-६ ट्रकमध्ये तर असा विचारही करू नये. एबीएस, डॅशबोर्ड, एससीआर सगळे एकमेकांशी बोलतात आणि उत्तर मिळालं नाही की ईसीयू ताकद कापतो. शिवाय व्यावसायिक गाड्यांना ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर लागतो. तो जुन्या इंजिनाला जोडलेला असतो आणि नव्याला पुन्हा जोडून त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

विम्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पॉलिसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर सर्वेक्षक पहिलं तेच लिहितो. स्वतःच्या गाडीचं नुकसान तर सोडाच, पण रस्त्यावर कुणी दगावला आणि दाव्याची रक्कम वसूल करायला विमा कंपनी मालकाकडे वळली, तर एका ट्रकवर घर चालवणारं कुटुंब त्यातून वर येत नाही. परदेशी इंजिनाने महिन्याला वाचवलेलं डिझेल या जोखमीपुढे काहीच नाही.

मला या कायद्यात एक उणीव दिसते आणि ती बोलून दाखवायला हवी. ऑस्ट्रेलियात जड वाहनांमधल्या बदलांसाठी व्हीएसबी-६ नावाची नियमावली आहे. कोणतं इंजिन, किती ताकदीपर्यंत, ब्रेक आणि चासीला काय करायचं हे त्यात लिहिलेलं असतं आणि परवानाधारक तपासनीस पाहणी करून सही करतो. अमेरिकेतही बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाच्या किंवा त्यानंतरच्या प्रमाणित जुळणीशी जुळत असेल तर रस्ता मोकळा राहतो. आपल्याकडे एका बाजूला निर्मात्याची टाइप अॅप्रूव्हल आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण मनाई, मधे काहीच नाही. ६९७ च्या जागी त्याच मॉडेलमध्ये कंपनीने विकलेलं, जास्त स्वच्छ इंजिन बसवायची इच्छा असलेल्या मालकाला तरी तपासणी करून परवानगी मिळायला हवी. हवेचाही त्यात फायदा आहे. हैदराबाद तर बीएस-४ पहिल्यांदा, २०१० मध्येच लागू झालेल्या शहरांपैकी एक. आपलं सोलापूरही त्या १३ शहरांत होतं.

तोवर हातात आहे तो रस्ता नीट वापरायचा. तेच इंजिन बांधणं हा बहुतेक वेळा सगळ्यात शहाणा निर्णय असतो: नवे लायनर-पिस्टन, क्रँक ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग, हेडचं काम, पंप कॅलिब्रेशन. नंबर तोच राहतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. वेळ नसेल तर कंपनीचं पुनर्निर्मित इंजिन घ्यावं. टाटाची प्रोलाइफ आणि कमिन्सची रिकॉन या योजनांत जुनं देऊन तयार इंजिन मिळतं, बिलासह आणि वॉरंटीसह. ब्लॉकच फुटला असेल तर नवा ब्लॉक घेताना जपा. जुना नंबर त्यावर स्वतः ठोकून घेणं म्हणजे नंबरशी छेडछाड, मग हेतू कितीही साफ असो. नंबर कुठला आणि कसा उमटवायचा ते आरटीओच्या लेखी परवानगीने ठरवा.

इंजिन बदलायचंच ठरलं तर गाडीची नोंद कुठली आहे ते आधी पाहा. काम हैदराबादच्या गॅरेजमध्ये झालं तरी एमएच-२६ ची गाडी खैरताबादच्या कार्यालयात नोंदवली जाणार नाही; मालक जिथे राहतो तिथल्या, म्हणजे नांदेडच्या आरटीओकडेच जायचं. आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल, वापरलेलं असेल तर ज्या गाडीतून निघालं तिचे मोडीचे कागद, आणि वित्त कंपनीची संमती अशी फाइल घेऊन. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो. नंबरची पट्टी आधीच डिझेल आणि वायर ब्रशने स्वच्छ करून ठेवा. तो त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासतो आणि आकडे कागदावर उमटतात. गंजलेल्या, घासलेल्या किंवा रंग चढलेल्या पट्टीवर ते नीट उमटत नाहीत आणि फाइल परत येते. नवा नंबर आरसीवर चढला की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्या.

आणि उतरवलेलं जुनं इंजिन लगेच भंगारवाल्याला देऊ नका. नोंद पूर्ण होईपर्यंत ते ताब्यात ठेवा, कारण निरीक्षक ते दाखवायला सांगू शकतो. विकताना ब्लॉकचा नंबर, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तारीख लिहिलेली पावती करा, नंबरच्या पट्टीचा फोटो काढा. तो ब्लॉक उद्या दुसऱ्या कुणाच्या ट्रकमध्ये सापडला, तर पोलिस नंबरवरून तुमच्याच दाराशी येतील, आणि तेव्हा दाखवायला ती पावती हवी.